शेळ्यांची कचेरी

वस्तरा गळ्यावर असताना माणसानं हलू नये, एवढी अक्कल नबीलालला होती. तरी तो हलला. कारण वस्तरा धरणारा सिद्रामप्पा नेमका त्याच वेळी शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाकडं मान वळवून म्हणाला, "शिकस्त झाली? मग दावा खारिज!" नुसता म्हणाला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण म्हणण्याआधी त्यानं घशातून एक बारीकसा, हुकमी खोकला काढला, आणि म्हणून झाल्यावर हनुवटी अशी वर केली, जणू समोर कुणी हात जोडून उभं आहे. तो खोकला नबीलालचा होता. ती हनुवटीही त्याचीच. उस्मानाबादच्या स्टँडसमोरच्या या सलूनात तो आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होता, आणि त्याचा खोकला त्याच्याआधीच इथं येऊन बसला होता.

"हलू नका की, सायब! कापलं ना जरासं." सिद्रामप्पानं तुरटीचा खडा गळ्यावर फिरवला. आग झाली.

"ते काय म्हणालात आत्ता? दावा खारिज?" नबीलालनं विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला चोरटा वाटला.

"म्हंजी? पिक्चर बघितला न्हाय तुमी? 'दावा खारिज'! म्या सोलापूरला जाऊन बघून आलो. त्यातला त्यो पट्टेवाला, आरारारा! साधा कोर्टातला चपराशी, पर सोताला मुन्सफ, म्हंजी जज्जच समजतो. घरी येऊन शेळ्यांपुढं कचेरी भरवतो. मराठी धड येत न्हाय, उर्दूचा माज उतरत न्हाय. काय येडं ध्यान हाय म्हून सांगू!" सिद्रामप्पा हसता हसता वस्तरा पुसायचं विसरला. "आज येरमाळ्याच्या यात्रंत लागलंय, तंबूत. जावा, बघून घ्या. पोट दुखंल हसून."

येडं ध्यान. नबीलाल आरशात बघत राहिला. पडद्यावर त्याला झुपकेदार मिशा होत्या, डोक्याला पटका होता, छातीवर लाल पट्टा होता. आरशात अर्ध्या गालाला साबण फासलेला, बारीक मानेचा, पंचविशीतला पोरगेला माणूस होता. सिद्रामप्पानं ओळखलं नाही यात नवल नव्हतं. नवल याचं होतं की नबीलालला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या आणि दोन्ही इतक्या जोरात, की खुर्चीचे हात घट्ट धरून बसावं लागलं. एक होता निव्वळ आनंद. पुण्यातल्या एका खोलीत, भिंतीकडं तोंड करून स्वतःशी बडबडत आपण जे वाक्य कागदावर उतरवलं ते आज इथं, आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाच्या तोंडात आहे, आणि तो ते आपल्याच तोंडावर फेकतोय! याहून मोठं बक्षीस कुठल्या लिहिणाऱ्याला मिळालं असेल? उठावं आणि सिद्रामप्पाला साबणासकट मिठी मारावी असं त्याला वाटलं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे भीती. येरमाळ्यात लागलंय. येरमाळ्यात अब्बा राहतात. आणि ते येडं ध्यान म्हणजे अब्बाच होते.

तो बाहेर आला तेव्हा चैत्राचं ऊन स्टँडवर पसरलं होतं आणि सोलापूरची गाडी लागलेली होती. त्याला याच गाडीनं जायचं होतं. आदल्या संध्याकाळी इथल्या शाळेच्या पटांगणात त्यानं एकट्यानं उभं राहून नकलांचा कार्यक्रम केला होता. आता सोलापूर, तिथून पुणं. पुण्याला पिक्चर कंपनीचे मालक वाट बघत होते. पुढच्या पिक्चरची कथा, पटकथा, संवाद आणि मुख्य भूमिका, सगळ्यांपुढं एकच नाव लागणार होतं, नबीलाल. मालकांची अट इतकीच की पट्टेवाला तोच पाहिजे. "तो तुझ्या अंगातच आहे रे," ते म्हणाले होते आणि नबीलाल हसला होता, पण हसताना त्याला कुणी तरी मागून शर्ट धरल्यासारखं वाटलं होतं. आता ते मागून धरणारं कोण ते कळलं. अब्बांनी आज तो पिक्चर बघितला, स्वतःला ओळखलं, आणि त्यांची मान खाली गेली, तर? तर तो खोकला आपल्या गळ्यातून पुन्हा निघेल का? आणि तो खोकला गेला तर आपल्याजवळ राहतं काय? सोलापूरच्या गाडीचा कंडक्टर घंटी वाजवत होता. नबीलालनं पिशवी उचलली, गाडीला वळसा घातला आणि पलीकडं उभ्या असलेल्या यात्रेच्या जादा गाडीत चढला.

अब्बांना त्यानं काही सांगितलंच नव्हतं असं नाही. गेल्या ईदला घरी गेला तेव्हा लालमहंमदनं, म्हणजे अब्बांनी, विचारलं होतं, "पिक्चर में काम, बोले तो काय का काम?" "पट्टेवाल्याचं," नबीलाल म्हणाला होता. म्हातारा इतका खूश झाला! "आमच्याच खात्यात लागलास की रे!" म्हणून त्यानं गल्लीभर सांगितलं. त्या वेळी नबीलालला पुढचं बोलावंसं वाटलं होतं. पण तोंडातला घास आणि पुढचं वाक्य दोन्ही त्यानं बरोबरच गिळलं. गावात कुठं थिएटर आहे, अब्बा कुठं सोलापूरला जातात, अशी मनाची समजूत घातली. यात्रेला तंबू येतो हे तो विसरला होता. लहानपणी ज्या तंबूच्या कनातीखालून तो पोटावर सरपटत आत जायचा, तोच तंबू.

गाडी खचाखच भरलेली. येडेश्वरीला निघालेल्या बाया, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, नारळाच्या पिशव्या. नबीलाल मधल्या दांड्याला धरून उभा होता. उभं राहणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. खरं तर त्याला बसून काही सुचतच नसे. पुण्यात संवाद लिहायचे म्हणजे तो आधी खोलीत फेऱ्या मारायचा, वाक्य मोठ्यानं बोलायचा, भिंत हसली असं वाटलं की मगच कागदाला हात लावायचा. आणि फार रंगात आला की पान उलट्या बाजूनं सुरू व्हायचं, उजवीकडून डावीकडं, कारण त्याची पहिली अक्षरं उर्दूची. मग हैदराबाद विलीन झालं, शाळेतली भाषा बदलली, आणि त्याच्या हाताला दोन्ही दिशा राहिल्या. कंपनीतले लोक त्याची पानं बघून चक्रावायचे. "नबीलाल, तुझी गोष्ट सुरू कुठून होते?" "जिथनं हसू येतं तिथनं," तो म्हणायचा. पहिल्यांदा सेटवर त्याला चहाच्या हॉटेलातल्या पोऱ्याचं काम मिळालं होतं, एका वाक्याचं. ते वाक्य इतकं पुस्तकी होतं की जिभेवर ठरेना. त्यानं ते आपल्या तऱ्हेनं म्हटलं. दिवे धरणारी माणसं हसली. दिग्दर्शक ओरडला, "हे कुणी लिहिलं?" नबीलालला वाटलं आता हाकलणार. "कुणी न्हाय सायब, घरचं हाय," तो म्हणाला. हाकललं नाही. त्या दिवसापासून त्याला घरचंच मागू लागले, आणि तो घरचं देत राहिला, एकेक करून, आधी गल्लीतली माणसं, मग शाळेतले मास्तर. शेवटी अब्बा राहिले.

आणि तेही दिले.

येडशीच्या पुढं धुळीचा लोट गाडीत शिरला आणि नबीलालला खोकला आला. खरा, साधा धुळीचा खोकला. पण गळ्याला सवयच अशी लागलेली की तो बाहेर पडताना हुकमी होऊन पडला. मागच्या बाकड्यावरून कुणी तरी लगेच ओरडलं, "दावा खारिज!" आणि अख्खी गाडी हसली. बाया हसल्या, ड्रायव्हरनं मान मागं वळवली, गाठोड्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, ह्यो तर हुबेहूब खोकला की!" नबीलालच्या अंगावर सरसरून काटा आला. गाडीतल्या गाडीत सगळं सोडून हात मागं बांधावेत आणि पुढचा सगळा प्रवेश करून दाखवावा असं त्याला इतकं वाटलं की त्यानं दांडा दोन्ही हातांनी धरला. हे असं होतं. अब्बांची लाज वाटायला लागायची आणि त्याच वेळी लोक हसायचे आणि लाज कुठल्या कुठं जायची. दारू पिणाऱ्याचं असंच होत असावं. पण आज लाज गेली नाही. ती हसण्याच्या शेजारी उभी राहिली, गाडीत जागा नसल्यासारखी अंगाला अंग लावून.

कारण त्याला ते अंगण दिसत होतं. अब्बांची नोकरी होती तेव्हाचं, कळंबच्या घरासमोरचं अंगण, कडुनिंब, खाली बांधलेल्या शेळ्या. तेव्हा तो जेमतेम नऊ-दहा वर्षांचा. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन गेलेली. वलीमामू, म्हणजे माँचा धाकटा भाऊ, त्या गडबडीत ईट गावाहून कळंबला यायला निघाला आणि पोचलाच नाही. कुठं गेला, काय झालं, हे घरात कुणी मोठ्यानं विचारलं नाही. माँ बोलेनाशी झाली. माँ, म्हणजे खैरुनबी, गल्लीतली सगळ्यात बोलकी बाई, विहिरीवर तिचा आवाज आधी पोचायचा आणि घागर मागनं. ती चुलीपुढं नुसती बसून राहायची. आणि अब्बा? मुन्सफ कोर्टातले चपराशी लालमहंमद संध्याकाळी कचेरीतून यायचे, लाल पट्टा काढून खुंटीला लावायचे, आणि शेळ्यांपुढं जाऊन उभे राहायचे. हात मागं. हनुवटी वर. एक बारीक खोकला. "वादी हाजिर?" काळी शेळी ओरडायची. "खामोश! वकीलसाब, बोला." मग वकिलाचा आवाजही तेच काढायचे, नाकातला, "हुजूर, माझ्या अशिलानं प्रयत्नांची शिकस्त केली." पुन्हा खोकला. "शिकस्त झाली? मग दावा खारिज!"

पोरगा उंबऱ्यात उभा राहून बघायचा. मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे जीव तोडून केलेली धडपड, हे त्याला नव्या शाळेत नुकतंच शिकवलेलं होतं. उर्दूत शिकस्त म्हणजे सरळ हार. अब्बांना ते ठाऊक नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. अब्बांना नवी भाषा येत नाही, अब्बा घाबरलेत, अब्बांचं डोकं फिरलंय आणि ते स्वतःला मुन्सफ समजतायत. गल्लीही हेच म्हणायची. शाळेतली पोरं त्याला बघून हात मागं बांधून चालायची, "मुन्सफाचं पोरगं आलं!" आणि घरात, चुलीच्या उजेडात, माँ पाठमोरी बसलेली असायची, पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, खांदे गदागदा हलतायत. एकदा तो मागनं जाऊन तिच्या गळ्यात पडला. तिनं तोंड न वळवता त्याला ढकललं, "जा रे, बाहर जा!" नवरा वेडा झाला म्हणून ती रडतेय, एवढं त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी हात मागं बांधायच्या आत त्यानं स्वतःच बांधले. खोकला काढला. "दावा खारिज!" पोरं हसली, पण आता त्याला नाही, त्याच्याबरोबर. तिथून पुढं तो कधी थांबलाच नाही. शाळेचं संमेलन, गणपती, उरूस, लग्नाच्या वराती, आणि मग पुणं. नकलाकार नबीलाल. त्याच्या सगळ्या नकला त्या अंगणातून निघाल्या होत्या, आणि पिक्चर लिहिताना त्यानं सगळं घेतलं होतं, खुंटी, पट्टा, काळी शेळी. फक्त चुलीपुढची बाई घेतली नव्हती. पिक्चरमधल्या पट्टेवाल्याला बायकोच नव्हती. रडणारी बाई हसवणाऱ्या गोष्टीत बसत नाही, असं त्यानं दिग्दर्शकाला सांगितलं होतं.

येरमाळ्याला उतरला तेव्हा दिवस कलला होता. रस्त्यावर रेवडीचे ढीग, पाळणे, बांगड्यांची दुकानं, आणि लांबून कर्ण्यातून येणारं गाणं. दुकानाच्या फळीवरून बब्रुवाननं त्याला बघितलं आणि उडीच मारली. बब्रुवान शाळासोबती, आता फाट्यावर सायकलचं दुकान चालवायचा.

"आरं नब्या! आरं हिरो! तू हितं कसा? च्यायला, तंबूवाल्यानं तुजं नाव कर्ण्यात सकाळधरनं घेतलंय! आन् ऐक, तुज्या अब्बाला त्यानं खुर्ची दिलीया. पार म्होरं. हिरोचा बाप म्हून!"

"अब्बा गेले आत?"

"मगाच गेले. धुतलेली टोपी घालून. तुजी माँ बी गेली, आमच्या तुळजाकाकूसंगं, बायांच्या बाजूला. आता सुरू व्हईल. चल की! आसा का उभा?"

"बब्र्या, अब्बा... ते मूडमध्ये होते का?"

"मूड? आरं, मान आशी ताठ, निजामसरकारच आले जणू!" बब्रुवाननं त्याचा दंड धरला आणि ओढत नेलं. नबीलाल ओढला गेला. पाय मागं राहत होते आणि छाती पुढं पळत होती. तंबूच्या दारावर त्याच्या पटक्याचं, मिशांचं रंगीत चित्र लावलं होतं, नाक जरा वाकडं काढलेलं. दारावरच्या माणसानं त्याला ओळखलं नाही. बब्रुवान सांगायला लागला तर नबीलालनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि दोघं आत शिरले.

आत घामाचा, बिडीचा आणि भाजलेल्या शेंगांचा वास. जमिनीवर माणसाला माणूस चिकटून. मध्ये दोरीवर लुगडी टाकून बायांची बाजू वेगळी केलेली. अगदी पुढं, एकुलत्या एका खुर्चीत, पांढरी टोपी. नबीलाल कनातीला पाठ लावून उभा राहिला. अंधार झाला, पडदा उजळला, आणि पाटीवर त्याचं नाव आलं. 'संवाद' या शब्दाखाली त्याचं नाव येरमाळ्यात पहिल्यांदा दिसत होतं. शिट्ट्या वाजल्या, कुणी तरी टोपी उडवली. किती वर्षं तो माणसांच्या पुढं उभा राहिला होता. मागं उभं राहून त्यांची डोकी बघायची वेळ कधी आली नव्हती. हसणाऱ्या माणसाचं डोकं मागनं कसं दिसतं ते त्यानं आज बघितलं. मान आधी आत जाते आणि मग उडते. सगळ्या माना उडत होत्या. पांढरी टोपी हलत नव्हती.

मग अंगण आलं. खुंटीला पट्टा लागला. पडद्यावरच्या नबीलालनं हात मागं बांधले. तंबूत आधीच हशा फुटला, कारण पुढं काय येणार ते निम्म्या लोकांना पाठ होतं. "वादी हाजिर?" टोपी हलली नाही. वकिलाचा नाकातला आवाज. टोपी हलली नाही. नबीलालनं डोळे मिटून घेतले. आणि खोकल्यासरशी अख्खा तंबू एका आवाजात पडद्याबरोबर ओरडला, "शिकस्त झाली? मग दावा खारिज!" तंबूचे खांब हादरले. त्यानं डोळे उघडले. पांढरी टोपी आता वळत होती. पडद्याकडं पाठ करून अब्बा दोरीवरच्या लुगड्यांपलीकडं, बायांच्या बाजूला बघत होते. हसत नव्हते. चेहरा असा घट्ट, श्वास धरल्यासारखा. नबीलालनं त्यांची नजर धरून तिकडं बघितलं. दोरी मध्येच झोळ खाऊन खाली आली होती आणि तिथून त्याला माँ दिसली. पाठमोरी. पदराचा बोळा तोंडात. खांदे गदागदा हलतायत. तुळजाकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवतेय.

सगळं तेच होतं. चूल तेवढी नव्हती. आपण हिला पुन्हा रडवलं, भर यात्रेत, हजार माणसांच्या हसण्यात हिला एकटीला रडवलं, असं त्याच्या मनात आलं आणि तो निघालाच. माणसांच्या मांड्या तुडवत, शेंगांची टोपली लाथाडत. "ए, खाली बस की!" "कोण हाय रं त्ये?" कुणी तरी त्याची पँट धरली. त्यानं सोडवली. दोरीखालून वाकून तो बायांच्या बाजूला शिरला, बाया किंचाळल्या, आणि तेवढ्यात रीळ संपलं. तंबूवाल्याकडं यंत्र एकच. रीळ बदलेपर्यंत दिवा लागायचा. दिवा लागला.

तो माँच्या समोर गुडघ्यावर बसलेला होता. तिचं तोंड समोरून त्यानं या स्थितीत कधी बघितलंच नव्हतं. तेव्हा त्यानं फक्त पाठ बघितली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, गाल फुगले होते, आणि पदराच्या बोळ्याभोवती सगळं तोंड हसत होतं. तिला ते आवरत नव्हतं. त्याला बघून तिनं बोळा काढला आणि श्वास घेतला.

"नब्बी? तू कब आया रे? अरे, तेरे अब्बा का तमाशा तेरेकू अब्बी तक याद है?"

"तमाशा?"

"मुन्सफसाब का! वो तो मेरे वास्ते करते थे ना! वली गया, मैं बोलतीच नै थी. हकीम हुआ, दर्गा हुआ, कुछ नै. फिर ये रोज शाम कू बकऱ्यांपुढं मुन्सफ बनने लगे. मैं अंदर से सुनती. गल्ली में मातम, हर घर में मातम. हसना कैसा रे? लोगां क्या बोलेंगे? पदर ठूसके हसती थी मैं." तिनं डोळे पुसले आणि ते पुन्हा भरले. "तू उस दिन आके गले में पड़ा, तो हसी फूटने लगी, इस वास्ते ढकेली तेरेकू."

नबीलालच्या कॉलरला मागून कुणी तरी धरलं. अब्बा. दोरी ओलांडून आलेले, टोपी वाकडी झालेली. आता सगळा तंबू उभा राहून बघत होता.

"चोर सापडला!" लालमहंमद कचेरीत पुकारा करायच्या आवाजात ओरडले. "मंडळी, ह्यो माझा पोरगा. पिक्चरमधला ह्योच. नक्कल माझी, आन् नाव ह्याचं!"

"अब्बा, मला वाटलं..." नबीलालचे शब्द एकमेकांवर आपटले. "मला वाटलं तुम्ही खरंच तसे... तुम्हाला तो शब्द..."

"मेरेकू? शिकस्त का मतलब मेरेकू नै मालूम?" म्हातारा थक्क होऊन त्याच्याकडं बघत राहिला. "अरे, दोन्ही मतलब मालूम होते म्हून तर हसू यायचं! मुन्सफसाबला ठाऊक नव्हता. हैदराबादचा माणूस, नवीन नवीन मराठी, वकील बोलला शिकस्त केली, यानं समजलं हरला, बोलला खारिज! वकील रडकुंडीला आला. आम्ही दाराआड तोंड दाबून." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "गरीब माणूस होता. खोकला भीतीचा होता त्याचा. नोकरी जाईल म्हून दुपारी माझ्याकडनं बाराखडी गिरवून घ्यायचा. घरी मी त्याला मोठा करून दाखवायचो."

"पण तुम्ही हसला न्हाईत. मी मागनं बघत होतो. टोपी हललीसुद्धा न्हाय."

"नकलाकार सोताच्या नकलेला हसतो का रे? इतकी वर्षं काय केलंस पुण्यात?" अब्बांनी माँकडं बोट केलं. "मी बघत होतो ती हसते का. तेव्हा भिंत होती मध्ये. मला फक्त अंदाजानं कळायचं." आणि मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आन् काळ्या शेळीचं काम कुणी केलंय? लई गप्प हाय. आपली शेळी ऐन टायमाला ओरडायची."

नबीलालला एकदम सगळं अंगण उलट्या बाजूनं दिसलं. बाहेर हात मागं बांधून उभा असलेला एक माणूस, आणि भिंतीच्या आत त्याची एकुलती एक प्रेक्षक. आणि उंबऱ्यात उभा राहून दोघांनाही चुकीचं वाचणारं पोरगं. पुढचा पिक्चर हाच! पट्टेवाला तोच, मालक म्हणाले तसाच, पण आता घरात बाई हवी. तिच्यासाठी चाललंय सगळं. त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हवेत फिरली, उजवीकडून डावीकडं. त्याला ओरडावंसं वाटत होतं, बब्रुवानला उचलून फिरवावंसं वाटत होतं, उस्मानाबादला पळत जाऊन सिद्रामप्पाला गळा दाखवावासा वाटत होता.

"ए, दिवा घालवा! बसा खाली!" मागनं आरडाओरडा झाला. अब्बांनी त्याला कॉलर धरूनच पुरुषांच्या बाजूला आणलं. खुर्ची रिकामीच ठेवून दोघं तिच्यापुढं जमिनीवर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. अंधार झाला. नवं रीळ लागलं आणि पुन्हा अंगण आलं. पडद्यावर पट्टेवाल्यानं छाती फुगवली. नबीलालनं कान टवकारले. खोकला आला, एक पडद्यावरून आणि एक शेजारून, अगदी बरोबर, आणि त्यातला आपला कुठला ते त्याला सांगता आलं नसतं.

"खारिज!" तंबू ओरडला आणि हसला. त्या सगळ्या हसण्याच्या वर, लुगड्यांच्या पलीकडून, एका बाईचं हसणं उठलं. खडबडीत, मोठं, विहिरीवरून ऐकू जाईल इतकं मोकळं. हे हसणं वलीमामू गेल्यापासून त्यानं ऐकलं नव्हतं, तरी त्यानं ते लगेच ओळखलं. अब्बांनीही ओळखलं, त्यांचा हात अंधारात त्याच्या मांडीवर येऊन घट्ट बसला. दोघांनी एकदमच वळून बघितलं. माँ मान मागं टाकून हसत होती, आणि पदर तिच्या तोंडात नव्हता.